सांकेतिक भाषेचं ॲप: काही महिने वापरल्यानंतर

न विचारता पुढच्या वर्षाची वर्गणी कापली, म्हणून हे लिहितोय. नाहीतर कुरकुर मनातच राहिली असती.

भारतीय सांकेतिक भाषा अगदी शून्यापासून शिकायची म्हणून हे ॲप घेतलं. नाती, वेळ, रोजचे शब्द, सगळं ठीकठाक. माझं भांडण आहे ते वरून सरकत येणाऱ्या गुणांच्या पट्टीशी. ती नेमकी शिकवणाऱ्या बाईंच्या कपाळावर येऊन थांबते आणि भुवया झाकते. एवढ्याशा गोष्टीवरून एवढा त्रागा? अहो, या भाषेचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं! 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास का', दोन्हींत हात तेच फिरतात. भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले, डोकं जरा पुढे आलं की झाला प्रश्न. चाचणीत विचारतात, विधान की प्रश्न? आणि आपण पट्टीकडे बघत बसायचं.

तक्रार केली. 'ॲप अपडेट करा.' केलं. पट्टी खाली आली, आता हात झाकते. पुन्हा लिहिलं तर तेच उत्तर, वर पाच तारे देण्याची विनंती.

रद्दच करणार होतो, तेवढ्यात बोटांवरची अक्षरं ओळखायचा सराव सापडला आणि मत थोडं बदललं. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेका बोटाच्या टोकाला स्पर्श. समोरून पाहताना मधलं बोट की अनामिका, पत्ता लागत नाही. इथे तोच हात बाजूनेही दिसतो, वेगही कमी करता येतो. खुणावलेली नावं वाचायला मी इथेच शिकलो. तेवढे पैसे वसूल.

शब्दांसाठी मात्र दमडी मोजू नका. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा कोश फुकट आहे, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. कोशातून वाक्यं येत नाहीत, हेही खरं. त्यासाठी मी एका कर्णबधिर शिक्षकांकडे जायला लागलोय. हाताकडे टक लावून बघितलं की ते थांबतात आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट दाखवतात.

पैसे परत मिळाले नाहीत, त्यामुळे वर्षभर सराव तेवढा पिळून घेणार. आपोआप होणारं नूतनीकरण बंद करायचं बटण 'खाते' मध्ये शोधू नका, 'मदत' च्या पार तळाशी दडवलंय.