राग पात्यावर काढला, खोट पट्टीत निघाली : पेपर ट्रिमरचे अकरा महिने

मुंजीच्या ऑर्डरच्या चाळीस डब्या रात्री साडेदहाला टेबलावर मांडल्या आणि झाकणं बसवायला घेतली. पहिलं झाकण एका कोपऱ्यात अडकलं आणि समोरच्या कोपऱ्यात फुगलं. दुसरं तसंच. तिसऱ्याला जरा जोर लावला, तर कोपराच चिरला. २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा) जाड मोतिया कार्डस्टॉक, आठ रुपयांना एक तुकडा, आणि चाळीसपैकी धड बसलेली झाकणं अकरा. डब्या सकाळी नऊला द्यायच्या होत्या. उरलेली एकोणतीस झाकणं पहाटेपर्यंत स्टीलच्या पट्टीवर हाताने कापली, डब्या देऊन आले आणि दुपारी हे लिहायला बसले.

झाकणं ज्यावर कापली तो ट्रिमर, म्हणजे कागद सरळ कापायचं साधन, तोच, बहुतेकींकडे असतो तो. बारा इंची, प्लास्टिकचा, पारदर्शक दांडीत सरकणारं पातं, बाजूला उघडणारी मोजपट्टी. गेल्या सप्टेंबरमध्ये ६८० रुपयांना ऑनलाइन मागवला. त्याआधी सगळं काम पट्टी आणि कटरवर चालायचं. राखीच्या दिवसांत पन्नास-साठ कार्डं कापून अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली, म्हणून घेतला. पहिले पाच महिने मी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. शनिवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या वर्गाला येणाऱ्या तिघींना मीच तो घ्यायला लावला. त्यामुळे पुढच्या तक्रारीत माझीही जबाबदारी आहे, हे आधीच सांगते.

फेब्रुवारीत पातं बोथट झालं. बोथट पातं लगेच कळतं. कापलेल्या कडेच्या खालच्या बाजूने नख फिरवलं की बारीक काठ उभा राहिलेला लागतो, आणि जिथून कापायला सुरुवात करतो त्या टोकाला कागद गोळा होतो. सोबत आलेलं एकमेव जादा पातं लावलं, ते मार्चअखेर संपलं. मग शोधाशोध. विक्रेत्याकडे पाती शिल्लक नाहीत. महाद्वार रोडवर चार दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने सरळ सांगितलं, "ताई, पाती कोण ठेवतंय? नवा कटरच घेऊन टाका." सहाशे ऐंशी रुपयांची वस्तू एका नखाएवढ्या पात्यापायी टाकून द्यायची, हे मला पटणं शक्य नव्हतं.

ग्राहक सेवेशी नऊ वेळा लिहिणं झालं. आधी बिलाचा फोटो मागितला, मग ट्रिमरचा, मग पात्याचा. शेवटी उत्तर आलं की पातं झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. अहो, मी फुकट मागतच नव्हते! विकत द्या, एवढंच म्हणत होते. अखेर दुसऱ्या एका विक्रेत्याकडून "याला चालतात" म्हणून पाच पात्यांचं पाकीट २४९ रुपयांना आलं. दिसायला हुबेहूब. बसवलं तर टक् असा आवाज येईना. पात्याच्या प्लास्टिकच्या घराला दोन्ही बाजूंनी कान असतात, ते दांडीच्या खाचेत अडकतात. या नव्या पात्यांचे कान केसभर जाड होते. सासऱ्यांची कानस घेतली आणि पाचही पात्यांचे कान दोन्हीकडून घासले. पांढरा भुगा मांडीवर पडत होता आणि प्रत्येक पातं चार-चार वेळा बसवून बघत होते, तेव्हा कुठे ती बसली.

याउलट मोडत जाणाऱ्या पात्याचा साधा कटर बघा. ओल्फा या जपानी कंपनीच्या संस्थापकाने हे पातं १९५६ मध्ये शोधून काढलं, आणि आज ती पाती ९ आणि १८ मिलिमीटर अशा ठरलेल्या रुंदीत कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. एका कंपनीचं पातं दुसरीच्या मुठीत बसतं. ट्रिमरवाल्यांनी मात्र प्रत्येकाने आपापले वेगळे कान काढून ठेवलेत. म्हणून मे महिन्यात माझा निकाल असा होता : पाचपैकी दीड तारा, आणि पाती मिळत नसतील तर हा प्रकार घेऊच नका.

वरचं सगळं मे महिन्यातलं आहे. तेव्हा ते तसंच राहून गेलं. आता ऑगस्ट लागलाय आणि माझं मत बरंच बदललंय. वरचं खोडत नाही, कारण पात्यांचा त्रास खराच होता. पण झाकणं न बसण्याशी पात्याचा काही संबंध नव्हता.

ते उघडकीला आणलं माझ्या सासऱ्यांनी. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मामांनी तीस वर्षं उद्यमनगरात फाउंड्रीसाठी, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न (साचा पाडायचे नमुने) बनवले. ओतीव लोखंड निवताना शंभराला साधारण एक आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच तेवढी मोठी आखलेली असते. अशा पट्टीवर ज्यांचा हात बसलाय, त्यांच्यासमोर मी त्या दुपारी नव्या पात्याला नावं ठेवत होते. त्यांनी बिघडलेलं एक झाकण उचललं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "पोरी, पात्याला काय बोलतीस? कड तर लोण्यासारखी कापल्या. आधी गुण्या लावून बघ."

गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. त्यांनी तो ट्रिमरवर टेकवला. एक बाजू पातं धावतं त्या खाचेला, दुसरी वरच्या आडव्या पट्टीला, जिला आपण कागद टेकवतो. गुण्या आणि पट्टी यांच्यात बाहेरच्या टोकाला उजेडाची एक बारीक चीर दिसली. मला ती चीर म्हणजे काहीच वाटली नाही. मामांनी मग एक कागद मागितला आणि पाच काप करायला लावले.

हा प्रयोग प्रत्येकीने करावा, खर्च एका कागदाचा. साधारण वीस सेंटिमीटरचा चौकोन घ्या. एक कड कापा. कापलेली कड वरच्या पट्टीला टेकवून दुसरी कड कापा. असंच फिरवत चारही कडा कापा, दर वेळी नुकतीच कापलेली कड पट्टीला. आता पाचव्यांदा, पहिल्याच कडेवर, इंचभर रुंदीची पट्टी कापून काढा आणि तिची दोन्ही टोकं मोजा. ट्रिमरची आडवी पट्टी काटकोनात असेल तर दोन्ही टोकांची रुंदी सारखी भरते. माझं एक टोक २६ मिलिमीटर भरलं, दुसरं २३. चार वेळा फिरवल्यामुळे चूक चौपट होऊन समोर येते. म्हणजे खरी चूक तीन भागिले चार, वीस सेंटिमीटरला पाऊण मिलिमीटर.

पाऊण मिलिमीटर वाचून सोडून देऊ नका. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६० अंशच होणार. ट्रिमरने पहिल्या तीन कोनांत थोडं थोडं जास्त दिलं, तर ते तिन्हींचं कर्ज चौथ्या कोनाला एकट्याने फेडावं लागतं. तिथे चूक तिप्पट, म्हणजे वीस सेंटिमीटरला सव्वादोन मिलिमीटर. डबीचं झाकण मी तळापेक्षा दोन मिलिमीटर मोठं धरते. एकाच कोपऱ्याने तो सगळा सैलपणा खाल्ला, वर घड्यांच्या रेघा त्याच वाकड्या कडेवरून मोजलेल्या.

मग पहिले पाच महिने हे का कळलं नाही? कारण तेव्हा मी फक्त कार्डं करत होते. ए-फोर कागद मधोमध कापायचा, घडी घालायची. कार्डाच्या तीन कडा कारखान्यातल्या, एकच माझी. मुंजीचा कार्डस्टॉक मात्र मोठ्या शीटमधून दुकानदाराने अंदाजाने कापून दिलेला, म्हणून चारही कडा मी ट्रिमरवर काढल्या. आणि ती अकरा झाकणं? तुकडे कमी पडले म्हणून घरातल्या ए-फोर पाकिटातून कापलेली होती ती. हे आठवलं तेव्हा मी पाकीट हातात घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिले. तीन महिने मी भलत्याच ठिकाणी भांडत होते.

या ट्रिमरची आडवी पट्टी खालच्या प्लास्टिकबरोबर एकसंध ओतलेली आहे, सरकवता येत नाही. मामांनी २५० जीएसएमच्या कार्डाच्या दोन बारीक पट्ट्या कापल्या, एकावर एक ठेवून पट्टीच्या बाहेरच्या टोकाला आतून चिकटवल्या आणि पुन्हा पाच काप करायला लावले. २५ आणि २४. एका पट्टीवर सेलोटेपचे दोन थर वाढवले. २५ आणि जवळजवळ २५. "आता गुण्यात आला बघ," म्हणाले आणि चहा मागितला. खर्च शून्य.

मधल्या काळात एक दांडीचा कटरही घेतला होता, शाहूपुरीतला एक फोटो स्टुडिओ बंद होत होता तिथून ५०० रुपयांना. लोखंडी, जड, एका हाताने उचलत नाही. त्याची आडवी पट्टी दोन स्क्रूंवर असते, सैल करून काटकोनात आणता येते, हा त्याचा मोठा गुण. पण दांडी खाली येताना पातं कागदाला आपल्याकडे ओढतं. डाव्या तळहाताने दाबून धरलं नाही तर काप शेवटी तिरका जातो. आणि "दहा कागद एकदम" वाचून भुलू नका. ते दहा कागद झेरॉक्सचे, ७०-८० जीएसएमचे. ३०० जीएसएमचे दोन घातले की तीच जाडी होत आली. धार मात्र उद्यमनगरात कुठेही लावून मिळते, आणि माझ्यासारखीला त्याचं मोल फार.

शनिवारच्या एकीने गोल पात्याचा, १,९०० रुपयांचा ट्रिमर घेतला. काप सुरेख येतो, हातावर ताण नाही. त्याच्याही पट्टीला मी आधी गुण्या लावला. बरोबर होता. घरगुती वापराला एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही, पण रोज शंभर-दीडशे काप असतील तर घ्या.

तर आता कुणी विचारलं की कुठला घेऊ, तर मी किंमत आणि तारे नंतर बघते. दुकानात जाताना पर्समध्ये प्लास्टिकचा कंपासपेटीतला गुण्या आणि दोन ए-फोर कागद नेते. दुकानदार पाच काप करू देत नसेल तर निदान खाच आणि पट्टीत गुण्या टेकवून उजेड बघते. ऑनलाइन घेतलं तर खोकं उघडल्याच्या दिवशीच पाच काप, परत पाठवायची मुदत संपायच्या आत. माझी चूक तिथे झाली. दुसरं, त्याच दिवशी जादा पात्यांची दोन पाकिटं, तीही त्याच मॉडेलची. तिसरं, बारा इंची कागद वापरत असाल तर काप ३१ सेंटिमीटरपर्यंत जातो ना ते बघा, कारण तो कागद ३०.५ सेंटिमीटरचा असतो आणि ए-फोरपुरत्या ट्रिमरमध्ये त्याची वीतभर शेपटी राहते, असं नाही, पण जो बोटभर भाग राहतो तोच नेमका फाटतो.

पावसाळ्याचंही लिहून ठेवते. जुलैत कडा पुन्हा खरबरीत यायला लागल्या आणि मी पातं बदलायला उठले होते. मामा म्हणाले, "कागद हातात घे आधी." कागद गार आणि लिबलिबीत लागला. रंकाळ्याच्या बाजूला घर, आठ दिवस ऊन नाही. कागद पंख्याखाली तासभर पसरले, मग त्याच पात्याने स्वच्छ कापले गेले. तेव्हापासून कार्डस्टॉक झिपच्या पिशवीत असतो.

त्याच ओलीने पट्टीच्या टोकाच्या कार्डाच्या चिंध्याही फुगल्या होत्या. पाच काप केले तर पुन्हा मिलिमीटरभर फरक. त्या खरवडून काढल्या आणि जुन्या प्लास्टिकच्या फाइलच्या कव्हरची पट्टी लावली, तिला पाणी लागत नाही. काल पुन्हा मोजलं, दोन्ही टोकं २५. गणपतीच्या डब्यांची ऑर्डर साठ आहे, कागद आजच कापायला घेतलाय.