सोसायटीच्या ईमेलचं लेटरहेड घरच्या कॉम्प्युटरवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दादरमधल्या एका हाउसिंग सोसायटीच्या नोटिसा, मेंटेनन्सची बिलं आणि सणाच्या शुभेच्छा गेले आठ महिने थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममधल्या चार टेम्प्लेटांवरून (तयार साच्यांवरून) जात आहेत. कॉम्प्युटर घरातलाच, विंडोज १०चा. लिखाणाला नोटपॅड++, चित्रांना जिंप. तिन्ही प्रोग्रॅम फुकट. काम चोख होतं, पण एक पथ्य पाळावं लागतं: टेम्प्लेटची मूळ प्रत थंडरबर्डमध्ये ठेवायची नाही. ती वेगळ्या फोल्डरमध्ये एचटीएमएल फाइल म्हणून (म्हणजे मजकूर कसा दिसावा ते सांगणाऱ्या खुणांसह, या खुणा म्हणजे टॅग) ठेवायची आणि प्रत्येक दुरुस्ती तिथेच करायची. थंडरबर्डमधलं टेम्प्लेट हा तिचा नुसता छाप.

याचं कारण पहिल्या महिन्यातच कळतं. मेल लिहायच्या खिडकीत टेम्प्लेटच्या टेबलातल्या रकान्यातला सगळा मजकूर पुसून नवा टाइप केला, की फॉन्ट आणि अक्षरांचा आकारही मजकुराबरोबर पुसला जातो. मागे रिकामे टॅग उरतात, ते दिसत नाहीत आणि चार-पाच दुरुस्त्यांनंतर समास वेडावाकडा होतो. यावर उपाय असा: फॉन्ट, आकार, रंग हे सगळं मजकुराभोवती न लिहिता टेबलाच्या रकान्याच्या टॅगमध्येच लिहा. मग आतलं काहीही पुसलं तरी रकाना आपला आकार सोडत नाही.

दुरुस्तीचा क्रम साधा आहे. नोटपॅड++मध्ये बदल करा, फाइल ब्राउझरमध्ये उघडून बघा, थंडरबर्डमध्ये कोरी मेल काढा, ‘इन्सर्ट’मधून ‘एचटीएमएल’ निवडून सगळं चिकटवा. सोसायटीचं चिन्ह किंवा लेटरहेडची वरची पट्टी मात्र त्यानंतर ‘इन्सर्ट’, ‘इमेज’ अशी वेगळी घाला आणि चित्र मेलला जोडायची खूण केलेली आहे ना ते बघा. ती राहिली, तर चित्राचा पत्ता तुमच्या डिस्कवरचाच राहतो. तुम्हाला सगळं व्यवस्थित दिसतं, समोरच्याला रिकामी चौकट. शेवटी ‘सेव्ह अ‍ॅज’, ‘टेम्प्लेट’, आणि जुनं टेम्प्लेट लगेच काढून टाका. दोन सारखी टेम्प्लेटं राहिली की चुकीचंच उघडलं जातं.

फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असल्याची खात्री करा. जुन्या विंडोजमधलं नोटपॅड आपणहून अ‍ॅन्सी ही जुनी पद्धत धरतं आणि त्यात सेव्ह केलेल्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. ती परत आणता येत नाहीत.

छापील लेटरहेड असलं तर सगळ्यांना वाटतं, तेच स्कॅन करून वर लावू. तसं करू नका. डीटीपीवाल्याकडची फाइल बहुतेक वेळा छपाईच्या सीएमवायके रंगांत आणि ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) असते. ए-४ कागद म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. सीएमवायके जेपीजी काही ठिकाणी भडक दिसतं, काही ठिकाणी दिसतच नाही. जिंपमध्ये आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांत करून फक्त चिन्ह कापून घ्या. पूर्ण रुंदीची पट्टी हवीच असेल तर ती १२०० पिक्सेलची ठेवा आणि चित्राच्या टॅगमध्ये रुंदी ६०० असा नुसता आकडा लिहा. मायक्रोसॉफ्टचं जुनं, ‘क्लासिक’ आउटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं. ते सीएसएसमधली (मांडणीच्या वेगळ्या सूचनांमधली) चित्राची रुंदी धरत नाही, टॅगमधली धरतं. नाहीतर चित्राच्या डीपीआयप्रमाणे आकार बदलतं. मेलमधून जाताना चित्र सुमारे एक तृतीयांशाने फुगतं: ६० किलोबाइटचं ८० होतं.

सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता हे चित्रात नको, टाइप केलेलंच हवं. अनेक ठिकाणी चित्रं आधी अडवलेली असतात, आणि नोटीस कोणाची ते तरी वाचता आलं पाहिजे. जुन्या नोटिसांतून मजकूर उचलताना फॉन्ट बघा. युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या आताच्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टांतलं मराठी चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्या दोन-चार ओळी नव्याने टाइप केलेल्या बऱ्या.

आता मराठीची खास दुखणी. मेलची तयार टेम्प्लेटं इंग्रजीसाठी बेतलेली असतात, त्यामुळे ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट असतं. त्यात ‘कार्यकारिणी’तला रफार वरच्या ओळीला घासतो. १६ पिक्सेलच्या अक्षराला १.६ अंतर द्या. आउटलुकसाठी ओळीची उंची ‘एक्झॅक्टली’ करणारी सूचना टेम्प्लेटमध्ये असेल तर ती काढा. तिच्यामुळे ‘वर्गणी’चा रफार आणि वेलांटीचा माथा अक्षरशः छाटला जातो. शीर्षकाला उठाव यावा म्हणून अक्षरांत अंतर टाकलेलं असतं, तेही शून्य करा. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्द सांडल्यासारखा दिसतो. फॉन्टच्या यादीत निर्मला यूआय, मंगल, कोहिनूर देवनागरी, नोटो सान्स देवनागरी हा क्रम ठेवला की विंडोज, अ‍ॅपल आणि अँड्रॉइड तिन्हीकडे भागतं.

पत्त्याच्या ओळींत अंतर पडतंय? एंटर दाबला की थंडरबर्ड नवा परिच्छेद धरतं. तिथे शिफ्ट धरून एंटर दाबा.

पार्श्वभूमीला चित्र लावायचा मोह टाळा. फिक्या गुढीवर मजकूर छान दिसतो, पण क्लासिक आउटलुकला ते चित्र कळत नाही आणि जीमेलमध्येही त्याचा भरवसा नाही. रकान्यालाच सपाट रंग द्या. एकच उभा स्तंभ ठेवा. निम्मे सभासद लोकलमध्ये उभ्या उभ्या मेल वाचणार, त्या पडद्यावर दोन स्तंभ मावत नाहीत. फोनच्या डार्क मोडमध्ये पारदर्शक पीएनजी चित्रावरची काळी अक्षरं गायब होतात, म्हणून चिन्हामागे पांढरा चौकोन भरून ठेवा.

वर्डमधून थेट चिकटवणं हा सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट आहे. जीमेल सुमारे १०२ किलोबाइटांपुढचं एचटीएमएल कापून टाकतं. मराठीचं एकेक अक्षरचिन्ह (अक्षर, मात्रा, वेलांटी) यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, तरी २,००० अक्षरचिन्हांची नोटीस ६ किलोबाइटांतच बसते. वर्डचे टॅग मात्र तिच्या कैक पट होतात, आणि कापला जातो तो शेवटचा भाग, म्हणजे नेमकी सचिवांची सही आणि सभेचं ठिकाण. कंट्रोल-शिफ्ट-व्हीने नुसता मजकूर चिकटवा.

एक उणीव अजून आहेच: टेम्प्लेटमध्ये तारीख आपोआप पडत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीला १४ पूर्ण दिवसांची मुदत लागते, तिथे जुनी तारीख राहून गेली तर नोटीसच वादात सापडते. म्हणून तारीख, वेळ, विषय अशा प्रत्येक बदलत्या जागी पिवळ्या रंगात ## लिहून ठेवलेलं बरं. मेल पाठवण्याआधी कंट्रोल-एफ करून ## शोधा, एकही सापडता कामा नये. मग आधी स्वतःच्या जीमेलवर, मग आउटलुक असलेल्या एका सभासदाला, आणि दोन्हीकडे ठीक दिसलं की बाकीच्यांना.