स्लरीला हवा द्यायची कशी : काठी, एअर पंप की वरून धार?

स्लरी म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत. 200 लिटरच्या बॅरलपर्यंत तिला हवा कशी द्यायची हा प्रश्न पडत नाही. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीतलं जीवामृत, म्हणजे 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. एवढं एकरभराला पुरतं आणि ते ढवळायला कुणाच्या हाताला फोड येत नाहीत. डोकेदुखी सुरू होते ती बॅरलच्या जागी टाकी आली की. सांगोल्याकडे आमची चार एकर डाळिंब आहे आणि सावलीत हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या. शेण-गोमूत्राबरोबर घरचा भाजीपाला आणि उरलेलं ताकही त्यातच जातं. (तेल्या रोगाची फळं मात्र चुकूनही टाकू नका. रोग घरात वाढवून पुन्हा झाडाला पाजायचा असा तो उद्योग आहे.)

तिन्ही प्रकार मी वापरून बघितले. काठी वर्षभर, एअर पंप दहा महिने आणि वरून धार सोडायला आता दोन वर्षं होत आली.

काठीला खर्च नाही, बिघाड नाही. पण हजार लिटरमध्ये काठीने हलतं ते वरचं. तळाशी वीतभर गाळ बसतो, तो काळा पडतो आणि कधीतरी काठी तिथवर पोचली की सडक्या अंड्याचा भपकारा येतो. आपल्याकडच्या उन्हाळी पाण्यात पूर्ण भरला तरी लिटरला 7-8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि गूळ खाऊन माजलेले जिवाणू तो बघता बघता संपवतात. सकाळी ढवळून संध्याकाळपर्यंत निर्धास्त राहावं, तर मधला सगळा वेळ तळ गुदमरलेलाच. शिवाय छाटणी, फवारणी, भावकीतलं लग्न. खाडा पडायचाच.

एअर पंप मिळाला शेजाऱ्याकडून. त्यांनी बायोफ्लॉकचे, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीतले, मासे करून बघितले, सोडून दिले आणि पंप निम्म्या किमतीत मला दिला. खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मी खूश होतो. 40 वॅटचा पंप रात्रंदिवस चालला तरी दिवसाला एक युनिट. बारीक बुडबुडे, आवाज जेमतेम. दोन दिवसांत वास गेला, घरच्यांची तक्रारही गेली. लाइट गेली की स्लरी उलटी नळीतून पंपाकडे चढते, हे पंपातला एक रबरी पडदा बदलल्यावर कळलं. मग पंप टाकीच्या वर टांगला. तेवढं चालतं.

नाही चालले ते एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाला बसवायचे, बुडबुडे बारीक करणारे सच्छिद्र दगड. माशांच्या पाण्यात हे दगड किती दिवस टिकतात मला माहीत नाही, शेणाच्या पाण्यात तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर बुळबुळीत थर चढायचा. मग एकाच बाजूने मोठे बुडबुडे, पाचव्या दिवशी जवळजवळ बंद. म्हणजे बाही वर करा, काखेपर्यंत हात घाला, नळी धरून दगड वर ओढा, ब्रशने घासा, उन्हात वाळवा, परत सोडा. दोन टाक्यांचे मिळून आठ दगड. साबणाने तीनदा हात धुतले तरी भाकरीचा घास तोंडाजवळ नेला की टाकी आठवायची. एकदा कंटाळून दगड काढले आणि नुसत्या नळ्या सोडल्या. त्या तुंबल्या नाहीत, पण बुडबुडे लिंबाएवढे, भसकन वर येऊन फुटायचे. हवा पाण्यात मिसळायला वेळच नाही. आणि गाळ? दगड असोत वा नसोत, तो जागचा हलत नव्हता. काठी सुटावी म्हणून पंप घेतला आणि पंपासाठी पुन्हा काठी हातात आली. तिथे माझं मन उडालं.

आता टाकीत अर्ध्या एचपीचा मड पंप (गढूळ पाणी उपसणारा) आहे, खाली चार विटांवर, भोवती क्रेटची जाळी. पाइप वर नेऊन वाकवलाय आणि धार दोन-अडीच फुटांवरून त्याच टाकीत पडते. पडणारी धार हवा ओढत खाली नेते आणि पंप तळचं उचलून वर आणतो. दोन्ही कामं एका मोटरीत. दिवसातून पाच वेळा पंधरा-पंधरा मिनिटं. थ्री फेज रात्रीची आली तरी अडत नाही, वस्तीच्या सिंगल फेजवर भागतं. ड्रिपचा व्हेंचुरी, म्हणजे अरुंद गळ्यातून हवा ओढून घेणारी नळी, लावूनही बघितला, पण शेणातल्या काड्यांनी त्याचा गळा दुसऱ्याच दिवशी धरला.

याचेही नखरे आहेत. फेस येतो, म्हणून टाकी फूटभर रिकामी ठेवावी लागते. जाळीत काड्या आणि केस अडकतात, पंधरवड्याला झटकायचे. ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारं बटण) बसवल्याशिवाय आणि बटण बंद केल्याशिवाय त्या पाण्यात हात घालू नका, हे मी हात जोडून सांगतो. काट्याचा टायमर लाइट गेली की तेवढाच मागे पडतो. माझी पहाटेची पाळी एकदा दुपारी चालू झाली होती, तेव्हा बॅटरीवाला डिजिटल घ्या. आणि हवा जास्त झाली तरी नुकसानच. मी एकदा दिवसभर चालू ठेवला तर नाकात झिणझिण्या आल्या. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू वाढतो आणि नत्र अमोनिया होऊन निघून जातं. झाडाला द्यायचं ते वाऱ्याला दिल्यासारखं.

तरी माझ्यापुरतं सांगायचं तर पारडं इकडेच झुकतं. पूर्वी एक टाकी सोडताना ड्रिपचा फिल्टर दोन-तीनदा उघडून धुवायला लागायचा, हल्ली बहुतेक वेळा एकदाच. घड्याळ लावून काही मोजलं नाही. तुमचं शेण, तुमचं पाणी वेगळं असेल. एकच बॅरल असेल तर काठी पुरे, उगीच खर्चात पडू नका. आणि शेण न घालता नुसतं गोमूत्राचं किंवा गाळून घेतलेलं पातळ द्रावण करत असाल, तर एअर पंपाला मी नाही म्हणणार नाही. तिथे दगड इतक्या लवकर तुंबणार नाहीत असं वाटतं.

माझा एअर पंप सध्या भाच्याच्या माशांच्या टाकीवर चालतोय. दगड त्याने नवे घेतले.