कोटेशनमधल्या पेमेंटच्या अटी: कुठल्या चालतात, कुठल्या अंगाशी येतात

घराच्या कामाची दोन-तीन कोटेशन हातात आली की नजर आधी एकूण रकमेवर जाते. पेमेंटच्या अटी शेवटच्या पानावर, दोन ओळींत उरकलेल्या असतात. काम मध्येच रखडणार की धड पूर्ण होणार, हे बरंचसं त्या दोन ओळींवर ठरतं, म्हणून नेहमी दिसणाऱ्या अटींचाच हा रिव्ह्यू. कसोटी एकच लावली आहे: कामाच्या कुठल्याही दिवशी दिलेले पैसे आणि झालेलं काम यांत अंतर किती? पैसे फार पुढे गेले तर घरमालक अडकतो, काम फार पुढे गेलं तर कॉन्ट्रॅक्टर अडकतो.

सगळ्यात जास्त दिसते ती ५०-४०-१०. अर्धे पैसे ऑर्डर देताना, चाळीस टक्के ‘टाइल्सचं काम सुरू झाल्यावर’, दहा टक्के शेवटी. वाचायला सुटसुटीत आहे, पण एका बाथरूमच्या कामावर बसवून बघा. पूर्ण काम १०० धरा. तोडफोड आणि राडारोडा उचलणं ८, भिंतीतले पाइप आणि वायरिंग १७, वॉटरप्रूफिंग १२, टाइल्स मालासकट ३३, कमोड-बेसिन-नळ यांचं फिटिंग २२, ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरायचा मसाला), सिलिकॉन आणि साफसफाई ८. ही वाटणी नमुन्यादाखल आहे; तुमच्या कोटेशनमधल्या दरांवरून तुमची स्वतःची काढा. पहिली टाइल भिंतीला लागते तेव्हा काम झालेलं असतं ३७ आणि पैसे गेलेले असतात ९०. निम्म्याहून जास्त रक्कम न झालेल्या कामासाठी देऊन टाकलेली, आणि सगळ्यात किचकट काम अजून पुढेच.

यात कॉन्ट्रॅक्टर लबाडच असायला हवा असं नाही. तुमच्या पैशातून तो आधीच्या साइटची मजुरी आणि दुकानदाराची उधारी भागवतो, मग तुमच्या टाइल्ससाठी तिसऱ्या कुणाच्या अ‍ॅडव्हान्सची वाट बघतो. तो अ‍ॅडव्हान्स लांबला की तुमच्याकडचे कारागीर दुसरीकडे जातात, आणि उरलेल्या दहा टक्क्यांसाठी त्यांना परत आणणं त्याला परवडत नाही. बाथरूमसारख्या कामासाठी ही अट आमच्या मते सरळ नापास.

तेच काम असं बांधता येतं: १० ऑर्डर देताना, १५ पाइपांची प्रेशर टेस्ट पास झाल्यावर, १५ वॉटरप्रूफिंगची पाणी टेस्ट पास झाल्यावर, ३० टाइल्स पूर्ण झाल्यावर, २० फिटिंग बसून चालू झाल्यावर, ५ शेवटच्या दुरुस्त्या संपल्यावर आणि ५, नंतर निघणाऱ्या दुरुस्त्यांसाठी राखून, ठरलेल्या मुदतीनंतर. वरच्या वाटणीशी ताडून बघा: पाइप झाल्यावर काम २५, पैसे २५. वॉटरप्रूफिंगनंतर ३७ आणि ४०. टाइल्सनंतर ७० आणि ७०. फिटिंगनंतर ९२ आणि ९०. हप्ता दिल्यानंतर अंतर कधीच दहाच्या वर जात नाही, आणि टाइल्सचा माल घ्यायच्या वेळी कॉन्ट्रॅक्टरच्या हातात थोडी रक्कम राहते. टाइल्स महागड्या असतील तर मालाचा हप्ता वेगळा काढा, पण माल घरात उतरून खोकी मोजल्यावर. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे का, हेही तेव्हाच बघा. भिंतीवर रंगात फरक दिसल्यावर दुकानदार उघडलेली खोकी बहुधा परत घेत नाही.

खरी गोम टक्क्यांपेक्षा हप्ता कशावर सुटतो त्या शब्दांत असते. ‘सुरू झाल्यावर’ हा शब्द दिसला की खोडा. दोन माणसं येऊन चार टाइल्स चिकटवून गेली तरी काम ‘सुरू’ होतं. ‘पूर्ण झाल्यावर’ बरा, पण पूर्ण म्हणजे काय हे लिहिलेलं हवं, आणि ते घरमालकाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता यायला हवं. पाइपांचं वाक्य असं असावं: ‘भिंत बुजवण्याआधी लाइन पाण्याने भरून, तोंडं बंद करून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देणे, ठरलेल्या वेळेत गेजचा काटा खाली न येणे.’ वेळही आकड्यात लिहा. वॉटरप्रूफिंगसाठी: ‘ट्रॅपचं (फरशीतलं पाणी जिथून वाहून जातं त्या जाळीचं) तोंड बंद करून २५ ते ५० मिलिमीटर पाणी भरणे, भिंतीवर पातळीची खूण करणे, ४८ तासांनी पातळी आणि खालच्या मजल्याचं छत तपासणे.’ ही टेस्ट टाइल्स लावण्याआधीच हवी. नंतर गळती सापडली तर टाइल्स फोडाव्या लागतात आणि त्या फोडण्याचा खर्च कुणाचा, यावर भांडण ठरलेलं. टाइल्ससाठी ‘नाण्याने ठोकून पोकळ वाजणाऱ्या टाइल्स बदलणे, फरशीचा उतार ट्रॅपकडे असणे’ एवढं पुरतं. बादलीभर पाणी ओतलं की उतार लगेच कळतो.

‘दर शनिवारी पेमेंट’ ही अट छोट्या डागडुजीला चालते, कारण मजुरी आठवड्यालाच द्यावी लागते. मोठ्या कामात ती वाईट. पैसे कामाऐवजी कॅलेंडरला बांधले जातात आणि काम लांबेल तितका खर्च वाढतो. आठवड्यानेच द्यायचे असतील तर त्या आठवड्यात झालेलं काम मोजून, एका कागदावर दोघांच्या सह्या घेऊन द्या, आणि एकूण रकमेची वरची मर्यादा आधीच लिहून ठेवा.

मॉड्युलर किचन, खिडक्या, कपाटं यांच्या अटी मात्र वेगळ्या मापाने बघायला हव्यात. तिथे ४० ते ५० टक्के अ‍ॅडव्हान्स मागणं रास्त आहे. तुमच्या मापाने कापलेला शटर (कपाटाचं दार) दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. फक्त तो हप्ता ऑर्डरच्या दिवशी देऊ नका. बुकिंगला थोडी रक्कम द्या आणि मोठा हप्ता अंतिम मोजमाप होऊन, ड्रॉइंगवर सह्या झाल्यावर. त्या ड्रॉइंगवर बोर्डाची जाडी आणि ग्रेड, बिजागऱ्या आणि चॅनेल (ड्रॉवर ज्यांवर सरकतात त्या पट्ट्या) यांचा ब्रँड आणि नग, लॅमिनेटचा कोड नंबर हवाच. नापास अट म्हणजे ‘माल फॅक्टरीतून निघण्याआधी १०० टक्के’. एखादा शटर ओरखडा पडलेला येतो, एखादा चॅनेल कमी निघतो, आणि पूर्ण पैसे मिळालेली कंपनी तुमचं उरलेलं काम रांगेच्या शेवटी ढकलते. निदान १० ते १५ टक्के रक्कम फिटिंग होऊन सगळे ड्रॉवर विनाअडथळा सरकेपर्यंत हातात ठेवा.

रंगकामात टक्क्यांपेक्षा मोजमाप महत्त्वाचं. दर चौरस फुटावर असेल तर दारं-खिडक्यांचं क्षेत्र वजा होणार की नाही, पुट्टी आणि रंगाचे कोट किती, हे लिहून घ्या. हप्ते पुट्टी-प्रायमरनंतर, पहिल्या कोटनंतर आणि शेवटच्या टच-अपनंतर.

आता एक्स्ट्रा काम. कोटेशनपेक्षा बिल फुगतं ते बहुतेक वेळा इथेच. चांगल्या कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं की काम करण्याआधी वर्णन, दर आणि वाढणारे दिवस लेखी देणार, मंजुरीशिवाय बिल लावणार नाही, आणि पैसे ते काम झाल्यावरच्या पुढच्या हप्त्यात घेणार. मेसेजवरची मंजुरीही चालते, फक्त आकडा हवा. वगळलेल्या कामाची रक्कम त्याच दराने वजा होणार, हे वाक्य जवळपास कधीच नसतं, मागून घ्या. ‘टॅक्स वेगळा’ असेल तर टक्के टॅक्ससकट रकमेवर की टॅक्सशिवाय, हेही स्पष्ट करा, नाहीतर शेवटच्या हप्त्याला सगळा टॅक्स एकदम अंगावर येतो.

फक्त घरमालकाच्या बाजूने लिहिलेल्या अटीही आम्हाला पटत नाहीत. अ‍ॅडव्हान्स शून्य आणि शेवटी ४० टक्के, असं म्हटलं की चांगला कॉन्ट्रॅक्टर एकतर येत नाही किंवा जोखमीचे पैसे दरात मिळवतो. टेस्ट पास झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत हप्ता मिळेल, न मिळाल्यास त्याला काम थांबवता येईल, हे त्याच्या हक्काचं आहे. तसंच एका तुटलेल्या टाइलसाठी अख्खा हप्ता अडवू नये. ती दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घ्यायला जितका खर्च येईल त्याच्या दुप्पट रक्कम राखून बाकीचे पैसे सोडा. शेवटच्या पाच टक्क्यांनाही तारीख द्या. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली रक्कम म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या लेखी बुडालेली रक्कम, आणि मग दुरुस्तीला बोलावल्यावर तो फोन उचलत नाही.

टप्पेवारी अटींना कॉन्ट्रॅक्टर ‘मालाला पैसे नाहीत’ म्हणून नकार देत असेल, तर अ‍ॅडव्हान्स वाढवायच्या आधी एक पर्याय ठेवा: माल तुम्ही थेट दुकानदाराला पैसे देऊन घ्यायचा, बिल तुमच्या नावावर, कॉन्ट्रॅक्टरला मजुरी आणि त्याचा ठरलेला नफा टप्प्यांनी. किती माल लागेल याची यादी मात्र त्याच्याच सहीने घ्या, वाया जाणाऱ्या मालाची टक्केवारी धरून. म्हणजे टाइल्स कमी पडल्या तर जबाबदारी कुणाची, हा वाद होणार नाही.