दोघं मित्र, न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को: भाड्याची गाडी की रेल्वे?

दिवसा डोंगर-दऱ्या बघायच्या, रात्री बार आणि लाइव्ह म्युझिक करायचं आणि असं करत अमेरिका आडवी पार करायची, असा बेत दोन मित्रांनी आखला की पहिला वाद गाडीवरून होतो. एकाला न्यूयॉर्कला गाडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला सोडायची असते. दुसऱ्याला ॲमट्रॅकची (अमेरिकेतली लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे कंपनी) रेल्वे हवी असते, म्हणजे दोघांनाही निवांत पिता येईल. या वादात दोघंच असण्याला फार महत्त्व आहे. चौघं असतील तर न पिता गाडी चालवण्याची पाळी चार दिवसांतून एकदा येते. दोघांत ती दिवसाआड येते, आणि पंधरा दिवसांच्या सहलीत हे मैत्रीवर ताण आणतं.

अख्खा देश गाडीनं

आय-८० हा महामार्ग न्यूयॉर्कच्या शेजारी न्यूजर्सीतून निघून थेट सॅन फ्रान्सिस्कोत पोचतो. अंतर सुमारे २,९०० मैल, म्हणजे ४,६५० किलोमीटरच्या आसपास. कुठेही न थांबता ४३-४४ तास चाकामागे. रोज आठ तास चालवलं तरी साडेपाच दिवस नुसते रस्त्यात जातात. त्यातला नेब्रास्काचाच पट्टा ४५५ मैलांचा आहे, आणि लिंकनच्या पश्चिमेला ७० मैलांहून जास्त रस्ता जवळपास सुतासारखा सरळ जातो. मक्याची शेतं, ट्रक आणि झोप. डोळे भरून बघावं असं जे आहे, ते बहुतेक रॉकी पर्वत सुरू झाल्यावर येतं. तिथे पोचेपर्यंत सुट्टीचा मोठा हिस्सा संपलेला असतो.

पेट्रोलचा खर्च लोक समजतात तेवढा नाही. गॅलनला (३.७८ लिटर) ३० मैल आणि साडेतीन डॉलर धरले, तर ३,००० मैलांना साडेतीनशे डॉलर होतात. खिसा रिकामा होतो तो बाकीच्या गोष्टींनी. एका शहरात गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला सोडली की ‘ड्रॉप चार्ज’ लागतो, आणि लांबच्या अंतरावर तो कधीकधी मूळ भाड्याच्या घरात जातो. चालक पंचवीसच्या आतला असेल तर रोजचा वेगळा आकार, दुसऱ्या चालकाचं नाव घालायचं तर बहुतेक ठिकाणी त्याचाही. पूर्वेकडच्या बऱ्याच टोलनाक्यांवर आता रोख घेतच नाहीत. गाडीत कंपनीचं टोलयंत्र असतं, आणि ते वापरल्याबद्दल टोलशिवाय रोजचं शुल्क वेगळं कापलं जातं. मॅनहॅटनमध्ये किंवा सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेलच्या पार्किंगला रात्रीचे ५० डॉलर सहज जातात. सॅन फ्रान्सिस्कोत काच फोडून बॅगा पळवण्याचे प्रकार नेहमीचे आहेत, त्यामुळे गाडीत साधी सॅकसुद्धा ठेवू नका, डिक्कीतही नाही.

कागदपत्रांत आपला मूळ परवाना आणि आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना (अर्ज ४ए, मुदत एक वर्ष) दोन्ही सोबत हवेत. आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्याच्या जोडीनंच चालतो. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. डेबिट कार्डावर काउंटरवर अडून राहिलेले प्रवासी पुष्कळ. विमा आरक्षणातच घ्या. गाडीच्या नुकसानीचा आणि समोरच्याच्या नुकसानीचा, असे दोन वेगळे विमे असतात आणि दोन्ही हवेत.

पंपावर आपली माणसं हमखास अडखळतात. न्यूजर्सी सोडली तर पेट्रोल आपणच भरायचं असतं. कार्ड घातलं की यंत्र पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड मागतं. आपल्या भारतीय कार्डाला असा कोडच नसतो, त्यामुळे व्यवहार नाकारला जातो. अशा वेळी यंत्राशी झटापट करू नका. पंपाचा क्रमांक बघा, आत दुकानात जा आणि ‘पंप सहा, चाळीस डॉलर’ असं सांगून आधी पैसे भरा. टाकी त्याआधी भरली तर उरलेली रक्कम परत मिळते. ८७ लिहिलेलं बटण म्हणजे साधं पेट्रोल. नळीच्या रंगावर जाऊ नका, हिरवी नळी बऱ्याच पंपांवर डिझेलची असते. शब्द वाचूनच नळी उचला.

दारू आणि स्टिअरिंग

बहुतेक राज्यांत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे. युटाहमध्ये २०१८च्या अखेरीपासून ती ०.०५ आहे, आणि झायन, ब्राइस कॅन्यन ही राष्ट्रीय उद्यानं युटाहमध्येच येतात. मर्यादेच्या आतही गाडी डळमळीत चालली तर पोलीस पकडू शकतात. सीलबंद नसलेली बाटली गाडीत बसायच्या जागी ठेवणं हा बहुतेक राज्यांत स्वतंत्र गुन्हा, म्हणून ती डिक्कीत.

यात सगळ्यांत फसवी असते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. शरीर तासाला साधारण ०.०१५ या वेगानं अल्कोहोल उतरवतं. लास व्हेगासमध्ये पहाटे चारला रक्तात ०.१५ असेल, तर सकाळी नऊला ते ०.०७५ असतं. आंघोळ झाली, कॉफी झाली, माणूस ताजातवाना वाटतो, आणि अडीच तासांवरच्या झायनच्या वाटेवर युटाहमध्ये शिरताना तो तिथल्या कायद्याच्या काठावर असतो. कॉफीनं झोप उडते, अल्कोहोल उतरत नाही.

व्हिसावर असणाऱ्यांना दंडाहून मोठी भीती दुसरी आहे. पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. पुण्या-मुंबईहून बी१/बी२ या पर्यटक व्हिसावर आलेल्यांइतकंच हे तिथे शिकणाऱ्या एफ१वाल्यांना आणि एच१बीवर नोकरी करणाऱ्यांना लागू आहे. गांजाचंही तसंच. कॅलिफोर्निया, नेवाडात दुकानात उघड मिळतो, पण केंद्रीय कायद्यानं तो अजून गुन्हाच आहे, राष्ट्रीय उद्यानं केंद्राच्या जमिनीवर आहेत, आणि परदेशी नागरिकाला त्याची कबुली पुढच्या प्रवेशाच्या वेळी नडू शकते. चॉकलेटसारखी गोळी असली तरी हात लावू नका.

रेल्वे

न्यूयॉर्कहून शिकागोला लेक शोर लिमिटेड साधारण वीस तासांत नेते. शिकागोहून कॅलिफोर्निया झेफर: २,४३८ मैल, जवळपास ५२ तास, दोन रात्री. ही सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर एमरीव्हिलला संपते आणि खाडीपलीकडे बसनं सोडतात. पश्चिमेकडे जाताना वेळापत्रक असं जुळतं की दुसऱ्या दिवशी उजेडात रॉकीज आणि कोलोरॅडो नदीचा काठ, आणि तिसऱ्या दिवशी सिएरा नेवाडा पर्वत. नेब्रास्का झोपेत जातो. त्याच राज्यावर गाडीवाल्याचा एक अख्खा दिवस खर्च होतो.

दोघांसाठी ‘रूमेट’ (roomette) नावाची छोटी खोली असते. साधारण साडेतीन फूट बाय साडेसहा फूट. समोरासमोरच्या दोन खुर्च्या रात्री ओढून खालची बर्थ होते, वरची छतातून खाली येते. वरच्या बर्थवर उठून बसता येत नाही, म्हणून उंच मित्र खाली. मोठी सुटकेस आत मावत नाही, ती झेफरच्या दुमजली डब्यात खालच्या मजल्यावरच्या रॅकवर ठेवा किंवा लगेजमध्ये द्या. आत रात्रीपुरती छोटी सॅक पुरे. या खोलीचं शुल्क खोलीमागे असतं, माणशी नाही, त्यामुळे एकट्याला महाग वाटणारी रूमेट दोघांत परवडते. शिवाय जेवण भाड्यातच. स्वतःची बाटली फक्त खासगी खोलीत उघडता येते. साध्या डब्यात स्वतःची दारू चालत नाही, तिथे कॅफेतून विकत घ्यावी लागते.

साध्या डब्याची खुर्ची ऐसपैस आहे, पण तिथे शॉवर नाही. ४९९ डॉलरचा रेल पास (३० दिवसांत १० टप्पे) त्याच डब्यासाठी आहे. तीन-चार शहरं करणार असाल तरच त्याचा हिशेब जुळतो.

रेल्वेचं दुखणं म्हणजे उशीर. पश्चिमेकडचे बहुतेक रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत, आणि लांब मालगाडीमागे प्रवासी गाडी अडकली की दोन-चार तास सहज जातात. दुसरी अडचण आपल्या बेतासाठी जास्त गंभीर आहे. लास व्हेगासला १९९७पासून ॲमट्रॅकची गाडीच नाही, आणि नॅशव्हिलला १९७९पासून नाही. पार्टीची दोन मोठी शहरं रेल्वेच्या नकाशावरून गायब आहेत. न्यू ऑर्लीन्सला मात्र शिकागोहून रात्रीची गाडी सोयीची आहे.

मग काय घ्यावं?

दोघंही पिणारे असाल आणि हाताशी दोन-अडीच आठवडे असतील, तर अख्खा देश गाडीनं करू नका. गाडी फक्त दऱ्याखोऱ्यांसाठी घ्या. न्यूयॉर्क तीन रात्री, रेल्वेत एक, शिकागो एक, झेफरमध्ये दोन, सॅन फ्रान्सिस्को दोन. तिथून विमानानं लास व्हेगास, आणि विमानतळावरूनच गाडी: झायन, ब्राइस, पेज (ॲरिझोनातलं गाव), मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ, परत व्हेगास. साधारण १,००० मैल, पाच रात्री. घेतली तिथेच सोडायची, म्हणून ड्रॉप चार्ज नाही. व्हेगासच्या दोन रात्री गाडी परत केल्यानंतरच ठेवा, आधी नाही. वरचा सकाळी नऊचा हिशेब मग लागूच होत नाही.

या फेरीत पैसे वाचवण्याची खरी जागा उद्यानांच्या पासात आहे. १ जानेवारी २०२६पासून परदेशी पर्यटकांना झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, यलोस्टोनसह ११ मोठ्या उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्कावर माणशी १०० डॉलर जादा आहेत. दोघांनी तीन उद्यानं केली तर नुसते जादाचे ६०० डॉलर होतात. परदेशी नागरिकांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे आणि त्यावर गाडीतले दोघंही जातात. पहिल्याच फाटकावर तो घ्या. पेजजवळचं अँटेलोप कॅन्यन आणि मॉन्युमेंट व्हॅली नावाहो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहेत. तिथे हा पास चालत नाही आणि दारूवर बंदी आहे. उन्हाळ्यात नावाहो प्रदेशाचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, पेजचं मात्र ॲरिझोनाप्रमाणे. फोन मधेच वेळ बदलतो, म्हणून सहलीची वेळ कोणत्या घड्याळाची आहे ते आरक्षण करतानाच विचारा.

गाडीच्या बाजूनं निकाल लागावा असेही मित्र असतात: दोघंही पंचविशीच्या पुढचे, हाताशी तीन आठवड्यांहून जास्त, आणि एकजण मुळात पीतच नाही. त्यांना वाटेतल्या आडगावांची आणि एखाद्या पटेलांच्या मोटेलची मजा रेल्वे देऊ शकणार नाही.

रात्रीचं थोडक्यात: वय २१ पूर्ण हवं आणि दारावर मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो बऱ्याच ठिकाणी चालत नाही. कॅलिफोर्नियात दोनला दारू बंद होते, न्यूयॉर्कमध्ये चारला, व्हेगासमध्ये होतच नाही. बारमध्ये ग्लासामागे एक-दोन डॉलर टिप ठेवा. व्हेगासच्या बहुतेक हॉटेलांत खोलीच्या भाड्याशिवाय रोजची ‘रिसॉर्ट फी’ही लागते, आरक्षण करताना शेवटचा आकडा बघूनच तुलना करा. आणि झेफर एमरीव्हिलला ज्या दिवशी पोचते, त्याच संध्याकाळचं व्हेगासचं विमान घेऊ नका. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन रात्री मधे ठेवल्या आहेत त्या उशिराची भरपाई करायलाही.