कॅग्न्यू स्टेशनची आठवण: टी-शर्ट की टोपी?

अमेरिकेतल्या मैत्रिणीला शेजारच्या आजोबांना भेटवस्तू द्यायचीय; छापलेला टी-शर्ट की भरतकामाची टोपी, असं ती विचारतेय. ते आफ्रिकेत, इरिट्रियातल्या अस्मारा शहरातल्या कॅग्न्यू स्टेशनवर होते. रेडिओसंदेश टिपणारं हे अमेरिकी लष्करी ठाणं १९७७ मध्ये बंद झालं. आज ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

स्वस्त टी-शर्टच. एकाच टोपीवर भरतकाम करून घ्यायचं तर महाग पडतं. पण छपाई धुऊन धुऊन तडकते, भरतकाम वर्षानुवर्षं टिकतं. टोपीवर जेमतेम नाव मावतं. टी-शर्टच्या पाठीवर ठाणं, शहर, सेवेची वर्षं सगळं येतं, आणि अशा अनोळखी ठाण्यासाठी ते हवंच. चिन्ह मात्र त्यांच्याच तुकडीचं आहे ना, हे आधी विचारून घे. चुकीचं चिन्ह फार लागतं गं मनाला.

स्नेहमेळाव्याला सगळ्या घरासाठी टी-शर्ट, एकट्या आजोबांना रोज घालायला टोपी.