आधी वरचा मजला: मेक्सिको सिटीचं मानववंशशास्त्र संग्रहालय, एका पैठणीवालीच्या नजरेतून

मेक्सिकोबद्दल तुम्हाला काही म्हणजे काही माहिती नसेल, तर हे संग्रहालय तुमच्यासाठीच आहे. फक्त एक करा. आत शिरल्यावर सगळी गर्दी जिकडे जाते तिकडे जाऊ नका. जिना शोधा आणि आधी वर जा. एवढं सांगायलाच लिहायला बसलेय, बाकीचं सवड असेल तर वाचा.

मी येवल्याची. आमचं पैठणीचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत माग. मुलगी-जावई नोकरीमुळे मेक्सिको सिटीत असतात, म्हणून तिकडे जाणं झालं. जाताना माझ्याजवळ मेक्सिकोचं ज्ञान किती? मका, मिरची आणि टी-शर्टांवर दिसणारी ती जुळलेल्या भुवयांची चित्रकार फ्रीदा. बाकी पाटी कोरी. तेव्हा हा रिव्ह्यू अभ्यासकांसाठी नाही, कापड विकणाऱ्या बाईने काय पाहिलं त्याचा आहे.

संग्रहालय चापुल्तेपेकच्या मोठ्या बागेत आहे. १७ सप्टेंबर १९६४ ला ते उघडलं. पेद्रो रामिरेस वास्केस हे मुख्य वास्तुकार. मधोमध लांबरुंद चौक, आणि त्या चौकावर एकाच खांबाच्या आधाराने उभं असलेलं अवाढव्य छत. त्याला तिथे सगळे छत्रीच म्हणतात. गंमत म्हणजे या छत्रीतूनच पाणी पडतं, खांबाभोवती धारांचा पडदा तयार होतो आणि पोरं त्यात शिरतात. खांबावर चारी बाजूंनी कोरीव काम आहे. पण पोरं खेळत असताना ते कोण बघतंय!

चौकाच्या कडेने दालनं. खालच्या मजल्यावर स्पॅनिश लोकांनी मुलूख जिंकण्याआधीचं जग, म्हणजे १५२१ पर्यंतचं. वरच्या मजल्यावर आजच्या मूळ रहिवाशांचं जगणं: त्यांची घरं, कपडे, मुखवटे, भांडी, सणवार. रचना ढोबळमानाने अशी की खाली जिथे माया नावाच्या जुन्या लोकांचे दगड, त्याच्या वर आजची माया माणसं. खाली वाहाका या दक्षिणेकडच्या प्रांताची थडगी, वर वाहाकाची गावं. कल्पना सुरेख आहे. पण वर कुणी जातच नाही. खालचं बघता बघता पाय बोलायला लागतात, त्यात शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर, म्हणजे दमही लवकर लागतो. मग लोक म्हणतात, राहू दे, पुढच्या वेळी.

आम्हीही आधी ऑनलाइन एक सहल घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांचा गाइड हातात झेंडी घेऊन पळत होता आणि प्रत्येक दगडापुढे नरबळीची एक गोष्ट सांगत होता. छाती कशी फाडायचे, काळीज कसं काढायचे, हे सगळं मिटक्या मारत. वरच्या मजल्याचं विचारलं तर म्हणाला, तिथे नुसते पुतळे आणि कपडे आहेत. नुसते कपडे! हे त्याने कोणाला सांगितलं, बघा.

दुसऱ्या खेपेला मी लेकीला घेऊन थेट वर गेले, आणि पहिल्यांदा जिथे थबकले तो होता कमरेचा माग. एवढासा प्रकार. दोन काठ्यांमध्ये ताणा पसरलेला. वरची काठी झाडाला किंवा खांबाला बांधायची, खालच्या काठीचा पट्टा स्वतःच्या कमरेमागून घ्यायचा आणि जमिनीवर बसायचं. मागे रेललं की ताणा घट्ट, पुढे झुकलं की सैल. चौकट नाही, खड्डा नाही, पायाने दाबायच्या पावड्या नाहीत. विणणारी बाई हीच मागाचा अर्धा भाग. काम झालं की गुंडाळायचं आणि काखेत मारून चालू लागायचं. आता यात एक अडचण आहे. बाईचे हात जिथवर पोचतात तेवढाच कापडाचा पन्हा. म्हणून तिथल्या बायका घालतात ते हुईपिल, म्हणजे बिनबाह्यांचा सैल झगा, दोन किंवा तीन पट्ट्या जोडून केलेलं असतं. आणि ती जोडणी लपवत नाहीत. शिवणीवरच रंगीत टाके घालून तिचीच नक्षी करतात. माझ्या दुकानात कोणी जोड दिसणारं कापड आणलं तर मी परत पाठवेन. इथे तीच शोभा.

चियापास या दक्षिणेकडच्याच प्रांतातल्या हुईपिलपुढे मी बराच वेळ उभी होते. नक्षी भरतकामाची वाटते, पण ती विणतानाच जादा बाणा घालून काढलेली असते. आमच्या पैठणीत रंगागणिक वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची कांडी, आणि प्रत्येक ठिकाणी धागा धाग्यात अडकवलेला, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. त्यांच्याकडे मूळ पांढरं कापड खाली तसंच चालू राहतं आणि रंग वरून येतो. कापड पारखायचं तर उलटून बघावं लागतं, आणि काचेमागचं कापड उलटता येत नाही. त्याला इलाज नाही. मी ती हौस नंतर सिउदादेलाच्या हस्तकलेच्या बाजारात भागवून घेतली. तिथल्या विक्रेतीला कळलं असावं की ही बाई गिऱ्हाईक कमी आणि परीक्षक जास्त आहे, कारण तिने आपणहून चार हुईपिल उलटी करून पुढे टाकली. भाव मात्र केला नाही. धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या हातमागाचा भाव करू नये असं आमचे सासरे म्हणायचे, आणि मलाही ते पटतं.

रंगांचं तर वेगळंच प्रकरण. वाहाकाकडे नोपाल नावाच्या निवडुंगावर एक किडा वाढवतात. मादी किडे गोळा करून वाळवले आणि कुटले की किरमिजी रंग निघतो. एका किलोला साधारण दीड लाख किडे लागतात. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून युरोपला जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल किंमत होती ती या रंगाला. दुसरा रंग समुद्रातल्या गोगलगाईचा. पिनोतेपा दे दोन लुइस या गावचे मिश्तेक लोक किनाऱ्यावर जातात, खडकावरची गोगलगाय उचलतात, तिचा रस सुताच्या लडीवर पिळतात आणि तिला जिवंत परत खडकावर ठेवतात. रस आधी पांढरट असतो, मग हवेत हिरवा होत होत जांभळा होतो. या सुताची लुगडी त्या गावच्या बायका नेसतात, खरंच नेसतात, कमरेला गुंडाळून.

कापसाचंही सांगते. आज विदर्भात जो कापूस लावतात तो बहुतेक मूळच्या मेक्सिकोकडच्या जातीचा आहे. तिकडे त्याचा एक नैसर्गिक तपकिरी वाणही पिकतो. रंगवायची गरजच नाही. वर पाटा-वरवंटाही दिसला, फक्त त्यांच्या पाट्याला तीन पाय असतात आणि तो पुढे उतरता असतो. त्यावर चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका वाटायचा आणि तोर्तिया थापायच्या. अगदी तसाच पाटा खालच्या मजल्यावर हजारो वर्षांपूर्वीचा म्हणून काचेत ठेवलाय. आधी वर जा म्हणते ते यासाठी. वर वापरातली वस्तू पाहिलीत की खाली तीच दगडाची, मातीची होऊन भेटते आणि ओळखीची वाटते. उलट्या क्रमाने गेलात तर खाली मेलेली संस्कृती, वर रंगीबेरंगी पुतळे, आणि दोघांचा काही संबंध लागत नाही.

आता खाली. चौकाच्या अगदी टोकाला, दारासमोर, मेशिका दालन आहे. आपण ज्यांना अझ्टेक म्हणतो ते मेशिका. समोरच सूर्यशिला: साडेतीन मीटरहून रुंद, सुमारे २४ टनांची. १७ डिसेंबर १७९० ला शहराच्या मुख्य चौकात फरसबंदी करताना ती जमिनीत सापडली आणि पुढे कितीतरी वर्षं कॅथेड्रलच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिला सगळे दिनदर्शिका म्हणतात, पण तारीख बघायला कोणी ती वापरत नसे. मधल्या चेहऱ्याची जीभ म्हणजे गारगोटीची सुरी. बाजूच्या चार चौकटींत आधीची चार युगं कशी बुडाली ते आहे: एक वाघासारख्या जग्वारांनी खाल्लं, एक वाऱ्याने नेलं, एक आगीच्या पावसात गेलं, एक पुरात. त्याभोवती वीस दिवसांची चिन्हं आणि सगळ्यात बाहेर दोन साप, खाली तोंडाला तोंड लावून. इथे उभे असाल तेव्हा पर्स उघडा. मेक्सिकोच्या दहा पेसोच्या नाण्यावर मधला चेहरा आहे, पाचावर सापांचं कडं, दोनावर दिवसांचं, एकावर किरणांचं. नाणी हातात घेऊन शिला वाचली की गाइडची गरज पडत नाही.

तिथेच कोआत्लीक्वे देवीची मूर्ती आहे. सापांचा घागरा, तुटलेल्या हातांची आणि काळजांची माळ, मुंडक्याच्या जागी समोरासमोर आलेले दोन सर्प. परदेशी पाहुणे तिच्यापुढे जरा दबकून उभे राहतात. आपण चंडिकेच्या मुंडमाळेपुढे हात जोडतच मोठे झालेलो, मला ती परकी वाटली नाही. तीही १७९० मध्येच सापडली. विद्यापीठात ठेवली तर लोक गुपचूप फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येऊ लागले, म्हणून घाबरून तिला पुन्हा पुरलं! १८०३ मध्ये हम्बोल्ट हा जर्मन संशोधक-प्रवासी आला तेव्हा त्याला दाखवायला उकरली आणि परत झाकली.

जवळच केत्साल पक्ष्याच्या हिरव्यागार पिसांचा मोठा मुकुट आहे, मेशिकांचा राजा मोक्तेसुमा याचा म्हणतात तो. पण ही प्रत. अस्सल व्हिएन्नामध्ये आहे, आणि प्रवासात हादऱ्यांनी पिसं झडतील म्हणून देता येत नाही असं तिकडचं म्हणणं. वाघनखं लंडनहून २०२४ मध्ये साताऱ्याला आली, तीही उसनी, तेव्हाची आपल्याकडची गर्दी आठवा. म्हणजे या काचेपुढे मेक्सिकन माणसं गप्प का होतात ते कळेल.

मेशिकांच्या काळातल्या त्लातेलोल्कोच्या बाजाराची प्रतिकृती चुकवू नका. रोज साठ हजारांवर माणसं देवघेवीला येतात असं मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदार कोर्तेसने आपल्या राजाला लिहिलं होतं. टोमॅटो, मिरच्या, कोको, पेरू ही सगळी अमेरिका खंडाकडची. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि लग्नाच्या हारातला निशिगंधसुद्धा मेक्सिकोकडचाच.

माया दालनात पालेंके या माया शहराच्या पाकाल राजाचा जेड नावाच्या हिरव्या दगडाचा मुखवटा आहे. ६८३ मध्ये तो वारला, १९५२ मध्ये थडगं सापडलं. १९८५ च्या नाताळच्या रात्री चोरांनी हा मुखवटा आणि शंभरावर वस्तू इथूनच पळवल्या होत्या; त्यातल्या बहुतेक १९८९ मध्ये परत मिळाल्या. ओल्मेक या फार जुन्या लोकांची दगडी डोकी आणि तेओतिहुआकान या प्राचीन शहरातल्या देवळाची रंगवलेली भिंत यांवर वेगळं लिहीत नाही, ती दिसल्याशिवाय राहणार नाहीत.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो मांडणीसाठी. मेशिकांचं शहर १३२५ चं, ओल्मेकांची डोकी त्याच्या दोन हजार वर्षं आधीची. तरी अख्खी इमारत तुम्हाला मेशिकांच्या दाराकडे ढकलते, जणू बाकी सगळे त्यांच्यासाठीच जन्मले. हे मी एकटीच म्हणत नाही. ओक्ताव्हिओ पास, १९९० चे नोबेल मानकरी, १९६२ ते १९६८ दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तेव्हा त्यांनी पद सोडलं, आणि नंतर या संग्रहालयाच्या याच मांडणीवर कडक टीका केली. सत्तेला आवडेल असा इतिहास, असा त्यांचा रोख होता.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर जुन्या शहरात शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेराने १९२३ ते १९२८ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं बघा. त्यात एका चित्रात टेबलाशी बसून पाव वाटणारा माणूस आपल्या वर्ध्याचा आहे: पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. पुढे मेक्सिकोत स्थायिक होऊन चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या जातींवर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. माझ्या जावयाला तिथे इतकी वर्षं राहून हे माहीत नव्हतं. त्याला मी तिथेच उभं करून सांगितलं.

व्यवहाराच्या गोष्टी: सोमवारी बंद. रविवारी तिथल्या नागरिकांना मोफत, म्हणून खच्चून गर्दी. वरच्या मजल्यावरच्या पाट्या बऱ्याचशा स्पॅनिशमध्येच आहेत, फोनवर भाषांतराची सोय करून जा. मेट्रोने आउदितोरिओ स्टेशन सोयीचं. बाहेर रस्त्याला लागून त्लालोक या पर्जन्यदेवाची १६० टनांच्या वरची मूर्ती आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये गावकऱ्यांचा विरोध मोडायला सैन्य बोलावून ती कोआत्लिंचानहून आणली, आणि ती शहरात शिरली त्या रात्री अवेळी धो धो पाऊस झाला. प्रवेशद्वाराजवळ उंच खांबावरून दोरीला उलटे लटकून गोल गोल खाली येणारे पापान्तलाचे खेळाडू असतात. टोपी फिरवतात, तेव्हा सुटे ठेवा. शाकाहारी मंडळींनी गाडीवरचा उकडलेला मका घ्यावा, मात्र मेयोनीज नको असं आधीच सांगावं.